थ्रेड : आज्ञाभंग कोणाचा, शिक्षा कोणाला?

इ. स. पू. ५८६ (काही अभ्यासकांच्या गणनेनुसार ५८७). बाबेलच्या सैन्याने यरुशलेमची तटबंदी फोडली. यहूदाचा अखेरचा राजा सिद्कीया रात्री निसटला, पण यरीहोच्या मैदानात पकडला गेला. त्याच्या डोळ्यांदेखत त्याच्या मुलांना ठार करण्यात आले, मग त्याचे डोळे काढून त्याला बेड्यांत बाबेलला नेण्यात आले. शलमोनाने बांधलेले मंदिर भस्मसात झाले.

राज्य हरले म्हणजे त्याचा देवही हरला, असा त्या काळचा सर्वसाधारण समज. यहूदाच्या लेखकांनी मात्र नेमके उलटे मांडले : परमेश्वर हरला नाही, शत्रूला त्यानेच आणले, कारण प्रजेने त्याची आज्ञा मोडली.

या मांडणीचा पाया 'अनुवाद' या ग्रंथात आहे. (नावाने फसू नये, हे भाषांतर नव्हे, जुन्या करारातला पाचवा ग्रंथ.) त्याच्या २८व्या अध्यायात ६८ वचने आहेत. आज्ञा पाळल्यास मिळणाऱ्या आशीर्वादांना १४, मोडल्यास येणाऱ्या शापांना ५४! दुष्काळ, रोगराई, आंधळेपण, परागंदा होणे, वेढ्यात पोटच्या मुलांचे मांस खाण्याची वेळ.

हे शाप आले कुठून? इ. स. पू. ६७२ मध्ये अश्शूरचा सम्राट एसर-हद्दोन याने आपल्या वारसाशी एकनिष्ठ राहण्याची शपथ मांडलिकांकडून घेतली. त्या करारनाम्याच्या मृत्तिकापट्टिका १९५५ मध्ये निमरूद येथे सापडल्या. २००९ मध्ये आणखी एक प्रत दक्षिण तुर्कस्तानातील तेल तायनात येथील मंदिरात मिळाली. शपथ मोडणाऱ्याचे आकाश पितळेसारखे आणि जमीन लोखंडासारखी होवो, ही कल्पना तिथेही आहे आणि अनुवादातही. यहूदाचा राजा मनश्शे हा एसर-हद्दोनचा मांडलिक होता. तेव्हा साम्राज्याची ही भाषा यरुशलेमच्या लेखनिकांना परिचित असावी, असे अनेक अभ्यासक मानतात. परक्या सम्राटाला वाहायची निष्ठा त्यांनी उचलून परमेश्वराच्या पायाशी ठेवली. हे धाडस कमी लेखता येणार नाही.

पण हिशेब जुळेना. मनश्शेने मूर्तिपूजा माजवली आणि तरी ५५ वर्षे राज्य केले. त्याचा नातू योशीया याने मंदिरात सापडलेला नियमशास्त्राचा ग्रंथ ऐकून वस्त्रे फाडली, देवस्थाने शुद्ध केली, आणि इ. स. पू. ६०९ मध्ये मगिद्दो येथे मिसरच्या फारोच्या हातून तो मारला गेला. 'राजे' ग्रंथाचे उत्तर असे : मनश्शेची पापे इतकी मोठी की योशीयाच्या पुण्याईनेही परमेश्वराचा कोप शमला नाही. म्हणजे आजोबांचे पाप पुढच्या पिढ्यांनी फेडायचे.

बंदिवासातल्या पिढीला हे पटणे कठीणच होते. त्यांच्यातच राहणाऱ्या यहेज्केल संदेष्ट्याने १८व्या अध्यायात ठणकावले की बापाच्या पापासाठी मुलगा मरणार नाही. ज्याचा अपराध, त्यालाच दंड. सिद्कीयाचा अपराध त्याने वेगळा दाखवला. सिद्कीयाने नबुखद्नेस्सरशी निष्ठेची शपथ घेतली होती, ती मोडली. आणि परक्या राजाला दिलेली ती शपथही संदेष्ट्याच्या लेखी परमेश्वराचीच.

पुढे काही शतकांनी लिहिल्या गेलेल्या 'इतिहास' ग्रंथाने तर जुन्या जमाखर्चाची खातेवही नव्याने मांडली. तिथे मनश्शे कैदेत पश्चात्ताप करतो, म्हणून त्याची दीर्घ कारकीर्द समजून घेता येते. आणि योशीया मरतो, कारण फारोच्या मुखातून आलेला देवाचा शब्द त्याने ऐकला नाही. एकच घटना, आज्ञाभंग करणारा मात्र बदलला.

'राजे' ग्रंथाचा शेवट याहून अबोल आहे. इ. स. पू. ५९७ मध्येच बाबेलला नेलेला राजा यहोयाखीन ३७ वर्षांनी तुरुंगातून सुटतो आणि बाबेलच्या राजाच्या पंक्तीला जेवू लागतो. त्याला व त्याच्या पाच मुलांना मिळणाऱ्या तेलाच्या शिध्याची नोंद बाबेलच्या उत्खननातील मृत्तिकापट्टिकांवरही सापडली आहे. ही सुटका कोणत्या आज्ञापालनाचे फळ, याविषयी ग्रंथकार एक अक्षरही लिहीत नाही.