पडद्यावरील टपालपेटी

एखादें साधन सोयीचें आहे असें म्हणतांना तें कोणाच्या सोयीचें, हें विचारावयाचें बहुधा राहून जातें. साधन घडविणाऱ्याची सोय आणि तें वापरणाऱ्याची सोय या नेहमींच एक असतात असें नाहीं. दोहोंत विरोध आला म्हणजे माघार कोणीं घ्यावयाची, यावरून त्या साधनाची खरी पारख होते. ज्या पडद्यावर आज कोट्यवधि लोक आपलीं पत्रें वाचतात आणि लिहितात, त्या ई-मेलच्या पानाचा इतिहास या दृष्टीनें पाहण्यासारखा आहे.

या टपालाचा आरंभ १९७१ सालचा. अमेरिकेंतील केंब्रिज येथें रे टॉमलिन्सन यानें एका संगणकावरून दुसऱ्या संगणकावरील मनुष्यास निरोप धाडण्याची युक्ति काढली, आणि माणसाचें नांव व यंत्राचें नांव यांच्यामध्यें आज सर्वपरिचित झालेलें तें वाटोळें चिन्ह घातलें. पत्र पोंचूं लागलें खरें. पण वाचणाऱ्याचे हाल संपले नव्हते. आलेलीं पत्रें एकाच लांबलचक नोंदींत एकाखालीं एक जोडलीं जात, आणि हवें तें पत्र शोधावयाचें तर सारी नोंद चाळावी लागे. १९७२ सालीं लॅरी रॉबर्ट्स यानें पत्रांची यादी दाखविणारी, त्यांतील हवें तेवढेंच वाचूं देणारी योजना रचली. १९७५ मध्यें जॉन व्हिटल यानें तींत आणखी एक भर घातली. त्याच्या योजनेंत उत्तराची आज्ञा देतांच पाठविणाऱ्याचा पत्ता यंत्रच भरून देई. गोष्ट दिसावयास लहान. पण पत्ता पुन्हा टिपून घेण्याचें ओझें माणसाच्या डोक्यावरून उतरून यंत्राच्या डोक्यावर गेलें. पुढील सर्व सुधारणांचें सूत्र हेंच होय.

तरीही पत्रपेटी जागेला बांधलेलीच राहिली. कचेरींतलें टपाल कचेरींतच वाचावयाचें, आणि घरच्या संगणकावर उतरविलेलीं पत्रें सामान्यतः त्याच संगणकावर पाहावयाचीं, असा प्रकार होता. ही बेडी तोडण्याचें श्रेय मुख्यतः चंडीगडास जन्मलेला व बंगलोरास वाढलेला सबीर भाटिया आणि त्याचा सहकारी जॅक स्मिथ यांच्याकडे जातें. ४ जुलै १९९६ रोजीं, अमेरिकेच्या स्वातंत्र्यदिनींच, त्यांनीं ‘हॉटमेल’ सुरू केलें. पत्रें दूरच्या सर्व्हरवर ठेवावयाचीं, आणि जगांतील कोणत्याही संगणकाच्या ब्राउझरमधून नांव व पासवर्ड देऊन तीं उघडावयाचीं, ही त्यामागील कल्पना. पेटी विनामूल्य होती. १९९७ च्या अखेरीस मायक्रोसॉफ्टनें ती संस्था विकत घेतली.

हिंदुस्थानांत सर्वसामान्यांसाठीं इंटरनेट १५ ऑगस्ट १९९५ रोजीं खुलें झालें होतें. परंतु घरीं संगणक असणारीं कुटुंबें थोडींच. मुंबई-पुण्याच्या रस्त्यांवर पुढें जे सायबर कॅफे निघाले, त्यांत तासाचे पैसे मोजून बसणाऱ्या मुलाला किंवा परदेशीं गेलेल्या लेकीच्या पत्राची वाट पाहणाऱ्या बापाला, स्वतःचें यंत्र नसतांही स्वतःची पेटी मिळाली. अर्थात् त्याबरोबर एक नवी जोखीमही आली. खुर्ची सोडून उठतांना पेटी बंद करावयाची राहिली, तर मागून बसणाऱ्यासमोर ती उघडीच पडे. बाहेर पडण्याचें बटण ठळक, एकाच जागीं आणि सहज सांपडेल असें असणें ही शोभेची बाब राहिली नाहीं. दाराला कडी असावी कीं नसावी, तसा तो प्रश्न होता.

या पहिल्या पानांची चाल मात्र फार मंद असे. एक पत्र पुसलें तरी सबंध पान पुन्हा यावयाचें, आणि तोंवर माणसानें पांढऱ्या पडद्याकडे पाहात बसावयाचें. या दोषावरील उपाय मायक्रोसॉफ्टच्याच कचेरींत, ‘आउटलुक वेब ॲक्सेस’ या कामासाठीं सिद्ध झाला. पान न बदलतां त्याचा हवा तेवढाच भाग सर्व्हरकडून मागविण्याची ती युक्ति १९९९ सालीं त्यांच्या ब्राउझरांत आली. तिचा मोठा उपयोग करून दाखविला तो गूगलच्या पॉल बुकाइट यानें. १ एप्रिल २००४ रोजीं ‘जीमेल’ची घोषणा झाली, तेव्हां अनेकांना ती थट्टाच वाटली, कारण हॉटमेल २ मेगाबाइट आणि याहू ४ मेगाबाइट जागा देत असतां, येथें सबंध १ गिगाबाइट देऊं केली होती. जुनीं पत्रें फाडून नव्यांना जागा करण्याची गरज संपली. ठेवावयाचें, आणि लागेल तेव्हां शोधावयाचें, अशी नवी रीत आली.

पण येथेंच घडविणाऱ्याची सोय वापरणाऱ्याच्या संवयीशीं अडखळली. जागा विपुल आहे, तेव्हां पत्र पुसावयाचें कशाला, असा करणाऱ्यांचा तर्क. म्हणून पुसण्याची आज्ञा त्यांनीं एका यादीच्या आंत ठेवली. लोकांचें म्हणणें निराळें होतें. नको असलेला कागद फाडून टाकण्यांत केवळ जागेचा हिशेब नसतो, मनाचें समाधानही असतें. अखेर २००६ सालीं पुसण्याचें स्वतंत्र बटण उघड्यावर आलें. एका विषयाचीं सर्व पत्रें एकत्र गुंफून दाखविण्याच्या पद्धतीचेंही तसेंच झालें. कित्येकांना ती फार आवडली, कित्येकांना त्या गुंफणींत आपलें पत्र हरवल्यासारखें वाटे. २०१० सालीं ती बंद करण्याची मुभा ज्याची त्याला देण्यांत आली. तर्क चुकीचा होता असें नव्हे. तो दुसऱ्यावर लादणें चुकीचें होतें.

याच २०१० सालच्या फेब्रुवारींत याहून गंभीर धडा मिळाला. गूगलनें पत्रपेटीला ‘बझ’ नांवाची समाजमाध्यमाची जोड दिली. ओळखीचीं माणसें शोधण्याचे श्रम वांचावे म्हणून, ज्यांच्याशीं अधिक पत्रव्यवहार असे त्यांची यादी यंत्रानें आपण होऊनच तयार केली. आणि ती लपविण्याची तजवीज न केल्यास ती चारचौघांस दिसूं शके. वकिलाला लिहिणारें अशील, वैद्याला लिहिणारा रोगी, संकटांतून निसटलेली स्त्री, यांना अशी सोय म्हणजे घातच. ओरड होतांच कांहीं दिवसांतच ही रीत बदलण्यांत आली, २०११ सालीं बझ बंद पडलें, आणि अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनशीं झालेल्या तडजोडीनें वीस वर्षें त्रयस्थाकडून खाजगीपणाची तपासणी करून घेण्याचें बंधन कंपनीवर आलें. श्रम वांचविणें आणि संमति गृहीत धरणें, यांतील रेषा किती बारीक आहे, तें या प्रसंगानें दाखविलें.

याच्या अगदीं उलट प्रकारची एक सुधारणा आहे. पत्र हातून सुटलें आणि त्याच क्षणीं चूक ध्यानांत आली, हा अनुभव कोणाला नाहीं? २००९ सालीं जीमेलनें प्रयोग म्हणून धाडलेलें पत्र परत घेण्याची सोय दिली, आणि २०१५ मध्यें ती सर्वांसाठीं कायम केली. तिच्यांत जादू कांहीं नाहीं. पत्र गेलें असें पडद्यावर दिसतें, पण तें कांहीं सेकंद दारांतच थांबविलेलें असतें. ३० सेकंदांपर्यंतचा अवधि ज्यानें त्यानें ठरवावा. माणूस चुकणारच हें येथें धरून चाललें आहे, आणि त्या चुकीबद्दल त्याला टाकून न बोलतां सुधारण्यास सवड दिली आहे.

अद्याप पुष्कळ उरलें आहे. नागरीसारख्या लिपींत लिहिलेले पत्ते चालावेत यासाठींचे नियम २०१२ सालीं ठरले, आणि २०१४ पासून जीमेल असे पत्ते ओळखूं लागलें. तरीही मराठी माणसाचा पत्ता आज बहुधा रोमन अक्षरांतच असतो, आणि ज्या आजीला तीं अक्षरें येत नाहींत तिला स्वतःची पेटी उघडावयास नातवाची वाट पाहावी लागते. पत्र तिचें, मजकूर तिच्या भाषेंतला, आणि कुलूप मात्र परक्या अक्षरांचें. तिला कोणाची वाट न पाहतां आपलें पत्र वाचतां येईल, त्या दिवशीं ही पेटी खरोखर सोयीची झाली असें म्हणावें.