‘ब्लू मंडे’ची तबकडी आणि तोट्याची आख्यायिका

मँचेस्टर येथील फॅक्टरी रेकॉर्ड्स या लहानशा कंपनीने ७ मार्च १९८३ रोजी ‘न्यू ऑर्डर’ या संगीतमंडळीची ‘ब्लू मंडे’ ही बारा इंची तबकडी विक्रीस काढली. यंत्रांनी वाजविलेल्या नृत्यसंगीताच्या इतिहासात या तबकडीचे स्थान आता निर्विवाद आहे. बारा इंची एकगीत-तबकड्यांत सर्वाधिक खपलेली तबकडी म्हणून तिचा उल्लेख सर्वत्र होतो. परंतु तिचे नाव निघाले की खपापेक्षाही एक कथा प्रथम सांगितली जाते. ती अशी की, तबकडीचे वेष्टन इतके खर्चाचे होते की विकल्या गेलेल्या प्रत्येक प्रतीमागे कंपनीस तोटा होई आणि खप जितका वाढला तितकी कंपनी बुडत गेली. कथा चटकदार आहे व तिच्यात सत्याचा अंशही आहे. मात्र तो अंश कितपत आहे आणि या कथेने काय झाकले गेले, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

गाण्याच्या तबकडीचा जमाखर्च हा इतिहासाच्या विभागाचा विषय कसा, अशी शंका काही वाचकांस येईल. बखरीतील सैन्याचे आकडे व खर्चाचे आकडे जसेच्या तसे स्वीकारू नयेत, समकालीन कागद व मागाहून सांगितलेली हकीकत यांची गल्लत करू नये, हा दंडक आपल्याकडे पूर्वीपासून मानला गेला आहे. ज्या घटनेचे साक्षीदार हयात आहेत, आत्मचरित्रे लिहीत आहेत आणि मुलाखती देत आहेत, तेथेही तो दंडक तितकाच लागू पडतो. किंबहुना साक्षीदार बोलके असले म्हणजे तो अधिकच लागू पडतो.

प्रथम तबकडीची जन्मकथा. ‘जॉय डिव्हिजन’ या मंडळीचा गायक इअन कर्टिस याने १८ मे १९८० रोजी आत्महत्या केल्यानंतर उरलेल्या तिघांनी, म्हणजे बर्नार्ड समनर, पीटर हुक व स्टीफन मॉरिस यांनी, नव्या नावाने काम चालू ठेवले. त्यांना लवकरच गिलियन गिल्बर्ट येऊन मिळाल्या. जॉय डिव्हिजनचे संगीत गिटारचे व गंभीर वृत्तीचे. न्यू ऑर्डर मात्र अमेरिकेच्या दौऱ्यांत न्यूयॉर्कच्या नृत्यगृहांतील संगीत ऐकून वेगळ्या वाटेस लागली. ‘ब्लू मंडे’त ही वाट स्पष्ट दिसते. ओबरहाइम कंपनीचे डीएमएक्स हे ताल वाजविणारे यंत्र, मूग सोर्स हा सिंथेसायझर व समनर यांनी सुट्या भागांतून स्वतः जुळविलेला सीक्वेन्सर यांवर हे गीत उभे आहे. डॉना समर यांच्या ‘अवर लव्ह’ या गीतातील तालाचे व इटलीच्या क्लाइन अँड एम.बी.ओ. यांच्या ‘डर्टी टॉक’चे ऋण मंडळींनी पुढे स्वतःच मान्य केले. जर्मनीच्या क्राफ्टवर्कच्या ‘युरेनियम’ या रचनेतील समूहस्वर तर त्यांनी सरळ उचलून घेतला होता.

यंत्रे नवी होती आणि ती एकमेकांशी बोलत नसत. सीक्वेन्सरला एकेक स्वर आकड्यांत सांगावा लागे. गिल्बर्ट यांनी कागदाला कागद चिकटवून, विणकामाचा नमुना उतरवावा तसा, हा सारा हिशेब हाताने मांडला होता. त्यात एक स्वर राहून गेल्यामुळे सिंथेसायझरची सुरावट तालापासून किंचित सरकली, आणि ती तशीच ठेवण्यात आली. गीताच्या मोहकतेचे श्रेय आज पुष्कळजण या सरकण्यास देतात. यंत्राच्या संगीतात माणसाचा हात शोधणाऱ्यांनी हा कागद लक्षात ठेवण्याजोगा आहे.

आता वेष्टनाकडे वळू. ते पीटर सॅव्हिल यांनी रचले. मंडळींच्या सरावाच्या जागी त्यांनी संगणकाची फ्लॉपी डिस्क पाहिली आणि तिच्याच रूपात तबकडीचे वेष्टन करावयाचे ठरविले. काळा पुठ्ठा, त्यास फ्लॉपीप्रमाणे कापून काढलेली छिद्रे, आणि त्यांतून दिसणारे आतले रुपेरी पाकीट, असा तो थाट होता. बाहेर ना गीताचे नाव, ना मंडळीचे. कडेला रंगीत चौकटींची एक पट्टी होती आणि नावे त्या सांकेतिक रंगलिपीत लिहिली होती. लिपीची किल्ली पुढे मे महिन्यात निघालेल्या ‘पॉवर, करप्शन अँड लाइज’ या तबकडीच्या पाठीवर छापण्यात आली. पुठ्ठा कापून छिद्रे पाडणे व ठराविक खास रंग वापरणे या दोन्ही गोष्टी छपाईत महाग पडतात. वेष्टन महाग होते, यात शंका घेण्याचे कारण नाही.

परंतु येथेच वस्तुरूप पुरावा आपले पहिले काम करतो. संग्राहकांकडे असलेल्या प्रती पाहिल्या, तर छिद्रांची वेष्टने आरंभीच्या छपाईची आहेत असे दिसते. मागाहून छापलेल्या वेष्टनांत छिद्रे नाहीत. म्हणजे खप वाढू लागल्यावर कंपनीने खर्च कमी केला. ‘प्रत्येक प्रतीमागे तोटा’ हे विधान सर्व प्रतींना लागू पडत नाही, एवढे तर या पुठ्ठ्यांवरूनच सिद्ध होते. आख्यायिकेतील ‘प्रत्येक’ हा शब्दच तिचा प्राण आहे आणि नेमका तोच टिकत नाही.

खपाच्या बाबतीत समकालीन नोंदी बऱ्यापैकी भक्कम आहेत. ब्रिटनमधील साप्ताहिक क्रमवारी तयार करण्याचे काम १९८३ च्या आरंभी गॅलप या संस्थेकडे आले होते. या क्रमवारीत ‘ब्लू मंडे’ वसंत ऋतूत बाराव्या क्रमांकापर्यंत चढली. जॉय डिव्हिजनच्या ‘लव्ह विल टेअर अस अपार्ट’ला १९८० मध्ये तेरावा क्रमांक मिळाला होता, म्हणजे ही चढण फार मोठी नव्हे. मार्चच्या अखेरीस मंडळींनी बीबीसीच्या ‘टॉप ऑफ द पॉप्स’ या कार्यक्रमात हे गीत प्रत्यक्ष वाजवून दाखविले. त्या कार्यक्रमात इतर बहुतेक कलावंत मुद्रित संगीतावर केवळ ओठ हालवीत असत. यंत्रांनी साथ दिली नाही, प्रयोग फसला, आणि त्यानंतर खप वाढण्याऐवजी उतरला, असे मंडळीच सांगतात.

यापुढचा भाग मात्र असामान्य आहे. तबकडी क्रमवारीतून उतरून विस्मृतीत गेली नाही. ती रेंगाळत राहिली आणि ऑक्टोबरमध्ये पुन्हा चढून नवव्या क्रमांकावर पोहोचली. साडेसात मिनिटांचे गीत, सात इंची आवृत्ती नाही, म्हणजे आकाशवाणीच्या दृष्टीने ते गैरसोयीचेच. मग हा दुसरा चढ कशाने आला? उन्हाळ्याच्या सुटीत स्पेनच्या किनाऱ्यावर गेलेल्या इंग्रज प्रवाशांनी तेथील नृत्यगृहांत गीत ऐकले व परतल्यावर तबकडी विकत घेतली, असे परंपरागत उत्तर आहे. हेही ऐकीव आहे. परंतु क्रमवारीतील ऋतुमान त्याच्याशी जुळते, आणि म्हणून त्याला वेष्टनाच्या कथेपेक्षा अधिक वजन देण्यास हरकत नाही. प्रसारयंत्रणेच्या नव्हे, तर नाचणाऱ्यांच्या पसंतीने हे गीत मोठे झाले. १९८८ मध्ये क्विन्सी जोन्स यांच्या देखरेखीखाली त्याची नवी आवृत्ती निघाली व ती ब्रिटनमध्ये तिसऱ्या क्रमांकापर्यंत गेली. सर्व आवृत्त्या मिळून ब्रिटनमधील खप ११ लाखांहून अधिक झाल्याचे अधिकृत क्रमवारी संस्थेने २०१२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या यादीवरून दिसते. इतके असून तबकडीस त्या काळी सुवर्ण तबकडीचा अधिकृत मान मिळाला नाही, कारण फॅक्टरी ही कंपनी व्यावसायिकांच्या संघटनेची सभासदच नव्हती. हा तपशील क्षुल्लक नाही. ज्या कंपनीने बाहेरच्या कोणासही आपले आकडे तपासू दिले नाहीत, तिच्या आकड्यांविषयी आख्यायिका न निर्माण झाल्या तरच नवल.

आता साक्षी पाहू. कंपनीचे एक संस्थापक टोनी विल्सन यांनी वेष्टनामागे पाच पेन्सांचा तोटा सांगितला आणि त्याचे कारण म्हणून आपल्या विचित्र हिशेबपद्धतीकडे बोट दाखविले. इतरत्र हा आकडा दहा पेन्सांपर्यंत चढलेला आढळतो. तबकडी इतकी खपेल अशी कोणाचीच अपेक्षा नसल्यामुळे खर्चाचा विचार झाला नाही, असे सॅव्हिल यांचे म्हणणे आहे. पुढे पुढे तर ते या कथेस कंटाळले, आणि अशी महाग वेष्टने किती छापली गेली हे कोणास ठाऊकच नाही, असे त्यांनी स्पष्ट सांगून टाकले. साक्षीदारांत या माणसाचे म्हणणे सर्वांत विश्वसनीय वाटते. कथेमुळे त्यांच्याच कलेची कीर्ती वाढत असता त्यांनी ती उचलून धरली नाही. हितसंबंधाविरुद्ध दिलेल्या साक्षीचे मोल अधिक, हा नियम येथे लावण्यास प्रत्यवाय नाही.

तरीही, वादापुरते, विल्सन यांचा आकडा सर्वच्या सर्व प्रतींना लावून पाहावा. ११ लाख प्रतींमागे पाच पेन्स म्हणजे ५५ हजार पौंड. हा हिशेब अर्थातच फुगविलेला आहे, कारण त्यात छिद्रे नसलेली वेष्टने आणि १९८८ ची आवृत्तीही येते. आता दुसरा आकडा पाहा. फॅक्टरी व न्यू ऑर्डर यांनी मिळून २१ मे १९८२ रोजी मँचेस्टरच्या व्हिटवर्थ स्ट्रीट वेस्टवर, नौकाविक्रीच्या जुन्या दालनात, ‘हासिएंडा’ नावाचे नृत्यगृह उघडले. त्याच्या उभारणीस सुमारे साडेतीन लाख पौंड लागल्याचे सांगितले जाते. विल्सन यांच्या आकड्यावरून काढलेला वेष्टनाचा हा फुगविलेला तोटाही याच्या पंचमांशास पोहोचत नाही. शिवाय उभारणी हा केवळ आरंभ होता. हे गृह पुढील कित्येक वर्षे तोट्यात चालले आणि १९९७ मध्ये बंद पडले. ‘ब्लू मंडे’ व त्यानंतरच्या तबकड्यांनी मिळविलेला पैसा त्या तळ नसलेल्या रांजणात गेला, अशी हुक यांची तक्रार आहे. २००९ मध्ये त्यांनी या नृत्यगृहावर जे पुस्तक लिहिले, त्याचे उपशीर्षकच मुळी ‘क्लब कसा चालवू नये’ अशा अर्थाचे आहे. हुक हे दुखावलेले भागीदार आहेत, हे ध्यानात ठेवूनच त्यांचे म्हणणे वाचावयास हवे. परंतु याच मुद्द्यावर कंपनीतील मतभेद फार आधीच, ‘ब्लू मंडे’ निघण्यापूर्वीच, न्यायालयापर्यंत गेला होता. ध्वनिमुद्रणाची सामग्री घेण्याऐवजी नृत्यगृहावर पैसा उधळला जात आहे म्हणून भागीदार मार्टिन हॅनेट यांनी १९८२ मध्ये दावा लावला. तो मागाहून आपसांत मिटला.

या दाव्यासंबंधी एक गमतीची गोष्ट सांगितली पाहिजे. फॅक्टरी आपल्या प्रत्येक कृतीस अनुक्रमांक देई. हासिएंडा हा ५१, ‘ब्लू मंडे’ हा ७३, आणि स्वतःविरुद्धच्या या दाव्यासही तिने ६१ हा अंक दिला. नृत्यगृहातील मांजरालाही अंक होता. इतकी काटेकोर सूची ठेवणारी ही कंपनी, पण वेष्टनाच्या छपाईचा खर्च विक्रीच्या किमतीशी ताडून पाहण्याचे तिला सुचले नाही. दप्तर ठेवणे व हिशेब ठेवणे या भिन्न गोष्टी आहेत, याचे इतके ठळक उदाहरण प्रस्तुत लेखकाच्या पाहण्यात दुसरे नाही.

करारांच्या बाबतीतही तेच. सर्व काही कलावंतांचे आहे व कंपनीचे काहीही नाही, अशा आशयाचा मजकूर विल्सन यांनी आरंभीच्या काळात लिहून ठेवला होता. नोव्हेंबर १९९२ मध्ये फॅक्टरी कर्जापायी बुडाली. त्यापूर्वी लंडन रेकॉर्ड्स ती विकत घेण्याच्या विचारात होती, परंतु ज्या तबकड्यांसाठी तिला कंपनी हवी होती त्यांची मालकी कंपनीकडे नसून मंडळीकडे आहे, असे आढळून आले. न्यू ऑर्डर पुढे लंडन रेकॉर्ड्सकडेच गेली, पण स्वतंत्रपणे. हा कागद या प्रकरणातील सर्वांत बोलका समकालीन पुरावा आहे. जी कंपनी स्वतःच्या मालकीचे काहीही ठेवीत नव्हती, तिला सर्वाधिक खपाची तबकडीही तारू शकली नसती, मग तिचे वेष्टन साध्या तपकिरी कागदाचे का असेना.

तथापि लोकांच्या स्मरणात राहिले ते वेष्टनच. मायकेल विंटरबॉटम यांच्या ‘२४ अवर पार्टी पीपल’ या २००२ च्या चित्रपटाने ही कथा इंग्लंडबाहेरही पोहोचविली, आणि सत्य व आख्यायिका यांत आपण आख्यायिकेच्या बाजूचे आहोत, हे त्या चित्रपटाने लपविलेही नाही. विल्सन यांनाही ते मानवले असावे. वेष्टनाच्या तोट्यात एक उदात्तता आहे, कारण तेथे सौंदर्यापायी पैसा गेला असे म्हणता येते. नृत्यगृहाच्या तोट्यात ती नाही. तेथे चौघा वादकांच्या श्रमाचा पैसा त्यांना पुरते न विचारता खर्च झाला काय, हा अवघड प्रश्न उभा राहतो. पहिली कथा सांगितली की दुसरा प्रश्न विचारावा लागत नाही. समनर यांचे २०१४ चे, हुक यांचे २०१६ चे आणि मॉरिस यांचे २०२० चे आत्मकथन शेजारी ठेवून वाचणाऱ्यास हा प्रश्न पुन्हा पुन्हा भेटतो. न्यू ऑर्डरच्या पुढील फाटाफुटीचा अभ्यास करावयाचा, तर त्याचा आरंभ छिद्रांच्या पुठ्ठ्यापासून न करता व्हिटवर्थ स्ट्रीटवरील त्या इमारतीच्या खर्चापासून केला पाहिजे.