यवतमाळ जिल्हा
महाराष्ट्र राज्याच्या विदर्भ विभागातील एक जिल्हा. क्षेत्रफळ सु. १३,५८२ चौ. किमी. लोकसंख्या २७,७२,३४८ (२०११). उत्तरेस अमरावती व वर्धा, पूर्वेस चंद्रपूर, दक्षिणेस तेलंगण राज्य व नांदेड आणि पश्चिमेस हिंगोली व वाशिम हे जिल्हे. तालुके १६. ज्वालामुखीजन्य खडक, त्यापासून बनलेली काळी जमीन व तीवरील कापूस या तिहींनी या प्रदेशाच्या इतिहासाला वळण दिले आहे.

भूवर्णन : सु. ६·६ कोटी वर्षांपूर्वी भूकवचाच्या भेगांतून वेळोवेळी वाहिलेल्या लाव्ह्याच्या थरांनी दख्खनचे पठार बनले. जिल्ह्याचा बराचसा भाग याच बेसाल्ट खडकाचा आहे. झरी जामणी तालुक्यातील शिबला परिसरात रस्त्याच्या कामात या खडकाचे बहुकोनी स्तंभ उघडे पडले आहेत. लाव्हा थंड होताना आकुंचन पावून त्यास भेगा पडतात व असे स्तंभ तयार होतात. अटलांटिक महासागरातील स्कॉटलंडच्या स्टॅफा बेटावरील प्रसिद्ध स्तंभ याच प्रक्रियेने बनले आहेत. पूर्वेकडील वणी भागात मात्र चुनखडक व दगडी कोळसा आढळतो. वर्धा व पैनगंगा या सीमेवरील प्रमुख नद्या असून बेंबळा, अडाण, अरुणावती व पूस या इतर नद्या होत. पठारावर मुरमाड व उथळ, तर नदीखोऱ्यांत खोल काळी जमीन आहे. ही जमीन ओल धरून ठेवीत असल्याने सिंचनावाचूनही कापूस येतो. खालच्या कठीण खडकात मात्र पाणी बेताचेच साठते, म्हणून पीक सर्वस्वी पावसावर अवलंबून राहते.

इतिहास : मध्ययुगात पूर्वभागावर चांद्याच्या गोंड राजांची सत्ता होती. १५९६ मध्ये वऱ्हाड मोगलांकडे गेला. *आईन-इ-अकबरी*त कळंब व माहूर या सरकारांचा, तसेच ‘योत-लोहारा’ परगण्याचा उल्लेख आहे. यांतील ‘योत’ म्हणजे आजचे यवतमाळ. अठराव्या शतकात वऱ्हाडच्या महसुलात निजाम व नागपूरकर भोसले यांची वाटणी असे. १८०३ च्या देवगावच्या तहाने वर्धा नदीच्या पश्चिमेकडील प्रदेश निजामाकडे गेला. एप्रिल १८१८ मध्ये दुसऱ्या बाजीरावाच्या सैन्याचा इंग्रजांनी पांढरकवड्याजवळ पराभव केला.

तैनाती फौजेच्या थकलेल्या खर्चापोटी १८५३ मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. अमेरिकेतील यादवी युद्धामुळे (१८६१–६५) तेथील कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला, तेव्हा वऱ्हाडच्या कापसाला विलक्षण मागणी आली. कालांतराने मूर्तिजापूर–यवतमाळ हा अरुंदमापी लोहमार्ग सुरू झाला. ‘शकुंतला’ या नावाने ओळखली गेलेली ही गाडी पुढे बंद पडली. पूर्वीचा वणी जिल्हा व पुसद तालुका मिळून १९०५ मध्ये यवतमाळ जिल्हा अस्तित्वात आला.

शेतीइतकाच जंगलाचा प्रश्नही महत्त्वाचा होता. राखीव जंगलात चराई व गवतकापणीवर आलेले निर्बंध शेतकरी व आदिवासी या दोघांनाही जाचक ठरले. वणी येथे जन्मलेले लोकनायक मा. श्री. अणे यांनी १० जुलै १९३० रोजी पुसदजवळ गवत कापून जंगल सत्याग्रह केला. १९५६ मध्ये हा जिल्हा मुंबई राज्यात व १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. पुसद तालुक्यातील गहुलीचे वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ या काळात राज्याचे मुख्यमंत्री होते.

लोक व परंपरा : गोंड, कोलाम, आंध व परधान या येथील प्रमुख आदिवासी जमाती. कोलामांच्या वस्तीला ‘पोड’ म्हणतात. त्यांची कोलामी ही द्राविडी भाषा आहे. दिवाळीच्या सुमारास गोंड व कोलाम दंडार नृत्य करतात. बैलांच्या पाठीवर धान्य व मीठ लादून व्यापार करणारा बंजारा समाज रेल्वे आल्यावर तांड्यांतून स्थिरावला व शेतीकडे वळला. होळीची लेंगी गीते हा त्याचा ठेवा होय. कळंबचे चिंतामणी मंदिर जमिनीच्या पातळीखाली असून समोर कुंड आहे. दर बारा वर्षांनी कुंडाचे पाणी वर चढून देवाच्या चरणांना स्पर्श करते, अशी श्रद्धा आहे. पोळ्याला बैलाची पूजा गावोगाव होते.

शेतीची स्थिती : कापसाने आलेली समृद्धी शेतकऱ्याच्या घरी टिकली नाही. बी-बियाणे, खते व कीटकनाशके यांवरील वाढता खर्च, लहरी पाऊस, अस्थिर भाव व कर्ज यांमुळे विसाव्या शतकाच्या अखेरीपासून शेतकऱ्यांच्या आत्महत्यांसाठी जिल्ह्याचे नाव देशभर घेतले जाऊ लागले. २००६ मध्ये केंद्र शासनाने यवतमाळसह विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांची मदत जाहीर केली. २०१७ मध्ये फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात सु. वीस शेतकरी व शेतमजूर दगावले. जानेवारी २०१९ मध्ये यवतमाळ येथे भरलेल्या ९२ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचे उद्‌घाटन जिल्ह्यातील आत्महत्याग्रस्त शेतकरी कुटुंबातील एका महिलेच्या हस्ते झाले. फेब्रुवारी २०२४ मध्ये नियोजित वर्धा–यवतमाळ–नांदेड लोहमार्गाच्या वर्धा–कळंब टप्प्यावर वाहतूक सुरू झाली.