सरनदीपचे शहजादे आणि वहीतला एक कठीण शब्द

बी.एड.च्या तोंडी परीक्षेत मला विचारलं होतं, ''मेटॅफर म्हणजे काय?'' मी घाबरून पटकन म्हणालो, ''इस्तिआरा.'' परीक्षक हसले. ''इथे उर्दू नको.'' उत्तर बरोबर होतं, पण ते कुणी तपासलंच नाही. त्या दिवशी मलाही वाटलं, आपल्याकडचं ज्ञान इथे चालत नाही.

आमच्या नववीच्या मुलांनाही तसंच वाटतं. ती कठीण इंग्रजी शब्दांची वही ठेवतात. परवा एका मुलीने वही पुढे केली. ''सर, सेरेंडिपिटी पाठच होत नाही.'' तिच्या अब्बूंनी धाकट्या भावाला इंग्रजी माध्यमात घालायचं ठरवलंय. उर्दूत राहून काय मिळणार, असं त्यांचं म्हणणं. मी पुस्तक बाजूला ठेवलं.

हा शब्द पहिल्यांदा लिहिला तो होरेस वॉलपोल या इंग्रज लेखकाने, २८ जानेवारी १७५४ रोजी, फ्लॉरेन्समधल्या आपल्या मित्राला पाठवलेल्या पत्रात. न शोधता, पण चाणाक्षपणामुळे हाती लागणारी गोष्ट, असा अर्थ त्याने दिला. (हाच वॉलपोल पुढे १७६४ साली 'द कॅसल ऑफ ओट्रँटो' लिहून गॉथिक कादंबरीचा जनक ठरला. साहित्याच्या संज्ञा पाठ करणाऱ्यांनी हेही टिपून ठेवावं.) शब्द सुचला कुठून? सेरेंडिपच्या तीन राजपुत्रांच्या परीकथेतून.

सेरेंडिप म्हणजे सरनदीप, श्रीलंकेचं अरबी-फारसी नाव. त्याच्या मुळाशी पुन्हा आपलंच संस्कृत 'सिंहलद्वीप' आहे.

ती कथा १५५७ साली व्हेनिसमध्ये इटालियनमध्ये छापली गेली. फारसीतून आणल्याचं पुस्तकातच म्हटलं होतं. त्या फारसीचा माग काढत गेलं की आपण दिल्लीला पोचतो, अमीर खुसरोंच्या 'हश्त बिहिश्त' या मसनवीपाशी. साधारण १३०२ चा काळ. बहराम गोर बादशहाला सात राजकन्या सात दिवस एकेक गोष्ट सांगतात. त्यातल्या एका गोष्टीत सरनदीपचे शहजादे न पाहिलेल्या उंटाचं वर्णन करतात. एक डोळा गेलेला, कारण रस्त्याच्या एकाच बाजूचं गवत खाल्लेलं. एक दात पडलेला, कारण चावलेल्या गवताचे बोळे वाटेत सांडलेले. पाय लंगडा, कारण एक पाय फरपटत गेल्याची खूण. उंटाचा मालक त्यांनाच चोर समजतो, हे वेगळं सांगायला नको. वॉलपोलने घाईत उंटाचं खेचर केलं, पण आंधळा डोळा त्याच्या लक्षात राहिला.

इथे वर्ग जागा झाला. मग मी फळ्यावर लिहिलं: फ्रेम स्टोरी, चौकटकथा. बहरामची गोष्ट ही चौकट, राजकन्यांच्या गोष्टी तिच्या आत. 'अलिफ लैला' ऐकलेल्या मुलांना ही संज्ञा समजावून सांगावी लागते का? मागच्या बाकावरून आवाज आला, ''सर, शहरजादसारखं!'' खुसरोंच्या आधी, बाराव्या शतकाच्या अखेरीस, निजामींनी 'हफ्त पैकर'मध्ये हीच रचना केली होती. खुसरोंनी तिला जवाब म्हणून आपली मसनवी रचली. एकाच्या कवितेला दुसऱ्याने कवितेतून उत्तर देण्याची ही रीत फारसीत मान्य होती, तिला कुणी नक्कल म्हणत नसे.

आता मी प्रत्येक शब्दाला तीन रकाने आखायला सांगतो. सिमिली, तशबीह, उपमा. मेटॅफर, इस्तिआरा, रूपक. जेनिथ आणि नादिर हे तर अरबी खगोलशास्त्रातून आलेले, 'समत' आणि 'नजीर' मुलांना ऐकूनही माहीत असतात. याने इंग्रजी सोपी होते, असा माझा दावा नाही. स्पेलिंग पाठ करावंच लागतं, आणि त्या मुलीने पहिल्या खेपेला ते चुकवलंही.

तास संपताना तिने विचारलं, ''सर, मग वॉलपोलच्या पत्रात खुसरोंचं नाव का नाही?''

मी म्हणालो, त्याच्या हातात आलेल्या पुस्तकावर ते नव्हतं. तिने वहीत शब्दाच्या समोर 'दिल्ली' असं लिहिलं आणि कंसात १३०२.