बिनीचा गडी आणि जोखमीची जागा

कांदिवलीच्या पश्चिमेस, खाडीच्या अंगाला वसलेले चारकोप हे पूर्वी एक लहानसे गाव होते. १९८० नंतरच्या दशकात जागतिक बँकेच्या साहाय्याने तेथे लहान लहान भूखंडांची वसाहत आखण्यात आली आणि जुन्या गावठाणाभोवती सेक्टरांचे एक नवे नगरच उभे राहिले. या वसाहतीच्या मोकळ्या जागांवर सायंकाळी कबड्डीचा, म्हणजे आपल्या जुन्या हुतुतूचा, डाव रंगात आला की एक वाद हटकून कानी पडतो. प्रतिपक्षाचा गडी अंगणात शिरताच त्याचा घोटा धरून त्याला जागच्या जागी खिळविणारा जो उत्तम कोपरारक्षक, त्याला स्वतःला चढाईस धाडावे की नाही? एक पक्ष म्हणतो, त्याचे पाय चपळ आहेत, तो गुण आणील. तलवार काय म्यानात ठेवण्यासाठी असते? दुसरा पक्ष म्हणतो, सातजण अंगावर पडून त्याचा गुडघा मुरगळला, तर उरलेल्या डावात पकड करणार कोण? वाद मिटण्यापूर्वीच बहुधा काळोख पडतो.

हा वाद केवळ चारकोपचा नव्हे. अमेरिकेत फुटबॉल या नावाने जो दांडगाईचा खेळ चालतो, त्यात प्रतिपक्षाने उंच लाथाडलेला चेंडू झेलून उलट दिशेने धावत सुटण्याचे एक काम असते. अकरा धिप्पाड गडी त्या वेळी झेलणाऱ्याच्या रोखाने वेगात येत असतात. हे काम डिऑन सँडर्स यांच्यासारख्या नामांकित बचावपटूंनीही केले आणि असा मोलाचा गडी या कामी लावावा काय, ही चर्चा तेथे सदैव चालू असते. मात्र त्या खेळाच्या नियमकर्त्यांनी एक सोय करून ठेविली आहे. झेल घेण्यापूर्वी गड्याने हात उंच करून हालविला, तर त्याला कोणी धक्का लावावयाचा नाही. पण मग त्यानेही धावावयाचे नाही. जोखीम पत्करावी की टाळावी, हे ऐन क्षणी ज्याचे त्याने ठरवावे, अशी ही तरतूद आहे. क्रिकेटमधील ज्या जागेचा विचार येथे करावयाचा आहे, तेथे उभे राहणाऱ्याला अशी सवलत नाही.

ती जागा म्हणजे फॉरवर्ड शॉर्ट लेग. फलंदाजाच्या पुढ्यात, त्याच्या पायांच्या बाजूस, जेमतेम पाच-सहा फुटांवर गुडघे वाकवून बसलेला हा क्षेत्ररक्षक. फिरकी चेंडू बॅटीची कड घेतो, पॅडवर आदळतो आणि हातभर उंच उडून खाली पडू लागतो. तो भूमीस टेकण्यापूर्वी ज्याचा पंजा त्याच्याखाली जातो, त्याला झेल मिळतो. पण गोलंदाजाने चेंडू थोडा आखूड टाकला आणि फलंदाजाने तो सर्व बळानिशी फटकावला, तर त्याच माणसाला डोळ्याचे पाते लवण्याइतकाही अवधी मिळत नाही. मुंबईच्या क्रिकेटला ही जागा फार जवळची. १९४८ साली सुरू झालेली कांगा साखळी स्पर्धा ऐन पावसाळ्यात खेळली जाते. ओल्या खेळपट्टीवर चेंडू कधी थबकतो, कधी उसळतो, आणि फलंदाजाच्या अवतीभवती कोंडाळे करून उभे राहिल्यावाचून तेथे गोलंदाजाचे श्रम फळास येत नाहीत.

या जागेचा जगातील सर्वांत मोठा कसबी मुंबईनेच दिला. एकनाथ सोलकर यांचा जन्म १९४८ सालचा. वडील मरीन ड्राइव्हवरील हिंदू जिमखान्याच्या मैदानाची देखभाल करीत, आणि त्या मैदानाच्या कडेला असलेल्या झोपडीतच हे कुटुंब राहात असे. धावफलकावरील आकडे बदलणारा हा मुलगा पुढे १९६९ साली हैदराबादेत न्यूझीलंडविरुद्ध भारताकडून उभा राहिला. ते डावखुरे फलंदाज होते, मध्यमगती चेंडूही टाकीत व फिरकीही टाकीत. १९७५ च्या जानेवारीत वानखेडे मैदानावरील पहिल्याच कसोटीत त्यांनी वेस्ट इंडिजविरुद्ध शतक झळकाविले. तरीही आज त्यांचे नाव निघते ते २७ कसोटी सामन्यांतील ५३ झेलांसाठी, आणि त्यांतील बहुतेक त्या एका जागेवरचे. दर सामन्यास जवळजवळ दोन झेल हे प्रमाण नीट ध्यानी यावे म्हणून दोन आकडे शेजारी ठेवण्यासारखे आहेत. सुनील गावस्करांनी १२५ सामन्यांत १०८ झेल घेतले, राहुल द्रविड यांनी १६४ सामन्यांत २१०. आणि ते दोघेही मुख्यत्वे स्लिपमध्ये उभे राहणारे.

ओव्हलचा १९७१ चा सामना जुन्या पिढीच्या श्रोत्यांना निराळा सांगावयास नको. पहिल्या डावात इंग्लंडच्या ३५५ धावा झाल्या होत्या आणि त्यांत ॲलन नॉट या यष्टिरक्षकाच्या एकट्याच्या ९० होत्या. सोलकरांनी त्या डावात तीन बळी घेतले व नंतर बॅट हाती घेऊन ४४ धावा केल्या. म्हणजे हा गडी नुसता जवळ उभा करण्यापुरता संघात नव्हता. तो निकामी झाला असता, तर एक फलंदाज व एक गोलंदाजही त्याच्याबरोबर गेला असता. दुसऱ्या डावात चंद्रशेखरांच्या चेंडूंनी इंग्रज फलंदाजांची दाणादाण उडविली. फ्लेचर शून्यावर सोलकरांच्याच हाती गेला. मग नॉट आला. वेंकटराघवन यांचा चेंडू त्याच्या बॅटीला लागून पुढे पडू लागला आणि सोलकरांनी पुढे झेप टाकून, सबंध देह गवतावर लोटून, भूमीपासून बोटभर उंचीवर तो झेलला. नॉटची धाव अवघी एक. इंग्लंडचा डाव १०१ धावांत आटोपला, चंद्रशेखरांनी ३८ धावांत सहा गडी टिपले, आणि २४ ऑगस्ट रोजी भारताने चार गडी राखून इंग्लंडच्या भूमीवरील आपला पहिला कसोटी विजय मिळविला. ते झेल घेताना सोलकरांच्या मस्तकावर काहीही नव्हते. शिरस्त्राणाचा प्रघात क्रिकेटमध्ये पडला तो १९७७-७८ च्या सुमारास, आणि तोवर त्यांची कसोटी कारकीर्द संपलीही होती.

अशा अष्टपैलू गड्याला संघाने तेथे उभे करावयास नको होते काय? बेदी, प्रसन्ना, चंद्रशेखर आणि वेंकटराघवन या चौघा फिरकी गोलंदाजांची सारी करामत त्या पाच-सहा फुटांच्या पट्ट्यावर अवलंबून होती. तेथे दुसरा कोणी बसविला असता, तर निम्मे झेल गवतावर पडले असते आणि धोका मात्र काही कमी झाला नसता. किंबहुना वाढलाच असता. कारण सोलकरांची नजर फलंदाजाच्या बॅटीवर खिळलेली असे, आणि फटका कोणत्या दिशेने निघणार हे पाहूनच त्यांचा देह हाले. जो चेंडूकडे पाठ फिरवितो, डोळे मिटतो, तोच बहुधा मार खातो. कौशल्य हे येथे ढालीचेही काम करीत होते.

दुसरीही एक गोष्ट यात आहे आणि ती तितकी सुखद नाही. कोणत्याही संघात ही जागा कोणाच्या वाट्यास येते? पुष्कळदा सर्वांत नव्या, सर्वांत लहान आणि ‘नाही’ म्हणण्याची ज्याला सोय नाही अशा मुलाच्या. ज्येष्ठ मंडळी स्लिपमध्ये किंवा मिड-ऑनवर प्रशस्त उभी राहतात. मैदानाच्या राखणदाराच्या मुलाने ही जागा आपलीशी केली, यात त्याची हिंमत दिसते; तिच्याजवळच समाजाची एक रीतही दिसते. परंतु इतिहास एकाच रेषेत चालत नाही. १९७७ च्या जानेवारीत कलकत्त्यास सोलकर आपला शेवटचा कसोटी सामना खेळले, आणि त्याच महिन्याच्या अखेरीस बंगळूरच्या कसोटीत महाराष्ट्राकडून रणजी करंडक खेळणारे यजुर्विंद्र सिंह यांनी पदार्पण केले. हे सौराष्ट्रातील बिलखा संस्थानाच्या राजघराण्यातले. त्यांनीही फलंदाजाच्या पुढ्यात बैठक मारली आणि एका डावात पाच व सामन्यात सात झेल घेऊन जागतिक उच्चांकाची बरोबरी केली. झोपडीतला आणि राजवाड्यातला, दोघांचेही हात त्या जागेला सारखेच मानवले.

आता याच्या उलट बाजूची कहाणी. १९९८ च्या फेब्रुवारीची २० तारीख. ढाक्याच्या मैदानावर अबाहनी व मोहमेडन या दोन क्लबांचा सामना चालला होता. भारताकडून कसोटी खेळलेले दिल्लीचे रमण लांबा अबाहनीच्या बाजूने खेळत होते. वय ३८. षटकाचे तीनच चेंडू उरले असताना त्यांना फॉरवर्ड शॉर्ट लेगला बोलाविण्यात आले. तीन चेंडूंकरिता शिरस्त्राण कशाला मागवावयाचे, म्हणून ते तसेच उभे राहिले. मेहराब हुसेन या फलंदाजाने आखूड चेंडू जोराने फटकावला. तो लांबांच्या कपाळावर आदळला व उसळून मागे गेला, आणि यष्टिरक्षकाने तो झेलला. लांबा स्वतःच्या पायांनी मैदानाबाहेर गेले. तीन दिवसांनी त्यांचा अंत झाला. त्या काळच्या नियमानुसार क्षेत्ररक्षकाच्या शिरस्त्राणास लागून उडालेला झेल ग्राह्य धरीत नसत. ती अट २०१७ च्या नव्या संहितेने काढली. म्हणजे लांबांच्या मस्तकी शिरस्त्राण असते तर ते वाचण्याचा संभव होता आणि फलंदाजही बाद ठरला नसता. नियमांच्या पुस्तकात असली विपरीतता पुष्कळ काळ सुखाने नांदू शकते.

सोलकरांनी त्या जागेवर शेकडो तास काढले. लांबा तेथे तीन चेंडूंपुरते गेले होते. वादाचा खरा कस या अंतरात आहे. गडी मोलाचा आहे की नाही, एवढ्यावरून निवाडा करणारे दोन्ही पक्ष चारकोपच्या अंगणातही चुकतात. ज्याने ते काम अंगवळणी पाडले आहे आणि ज्याच्यावाचून ते होणार नाही, त्याने ते करावे, मग तो संघाचा मुकुटमणी का असेना. सहज, वेळ निभावण्यासाठी, ‘जरा उभा राहा’ म्हणून कोणालाही तेथे पाठवू नये.

द्रविड यांचे उदाहरण येथे जुळते. इंदूरला जन्मलेले, बंगळुरात वाढलेले हे मराठी घरातले फलंदाज भारतीय फलंदाजीचा आधारस्तंभ होते. तरीही २००२ पासून एकदिवसीय सामन्यांत त्यांच्या हाती यष्टिरक्षकाचे मोजे देण्यात आले, जेणेकरून संघात सातवा फलंदाज मावावा. यष्टिरक्षकाची बोटे कशी वाकडी होतात हे ज्याने पाहिले आहे, त्याला या निर्णयातील धाडस कळेल. एखादे बोट मोडते, तर कसोटीतील तिसऱ्या क्रमांकाची जागा रिती पडती. परंतु द्रविड यांनी बालपणापासून यष्टिरक्षण केलेले होते आणि १९९९ च्या विश्वचषकात टाँटन येथे श्रीलंकेविरुद्ध मोजे चढवूनच त्यांनी १४५ धावाही केल्या होत्या. २००३ च्या विश्वचषकात भारत अंतिम सामन्यापर्यंत पोहोचला, तो याच योजनेने.

आणि ज्या जोखमीतून संघाला काहीच मिळावयाचे नसते, तिचे काय? चारकोपच्या शेजारच्या बोरिवलीत लहानाचे मोठे झालेले रोहित शर्मा ६ फेब्रुवारी २०१० रोजी नागपुरात आपला पहिला कसोटी सामना खेळावयाचे होते. सामन्यापूर्वी अंग मोकळे करण्यासाठी खेळाडू फुटबॉल खेळत होते. त्यात वृद्धिमान साहा यांच्याशी टक्कर होऊन रोहित यांचा घोटा मुरगळला आणि त्यांच्या जागी साहा यांनाच मैदानात उतरावे लागले. रोहित यांना पहिली कसोटी मिळाली ती ६ नोव्हेंबर २०१३ रोजी कलकत्त्यास, आणि त्यांनी १७७ धावा केल्या. पण मध्ये पावणेचार वर्षे गेली होती. ऑस्ट्रेलियाचे ग्लेन मॅकग्रा २००५ मध्ये एजबॅस्टनच्या कसोटीच्या सकाळी रग्बीच्या खेळात एका चेंडूवर पाय पडून जायबंदी झाले आणि तो सामना ऑस्ट्रेलियाने अवघ्या दोन धावांनी गमावला. २०२० च्या आरंभी सलामीचा फलंदाज रोरी बर्न्स याचा घोटा असाच दुखावला, तेव्हा इंग्लंडच्या संघाने सरावातील फुटबॉलवर बंदी घातली. सोलकरांच्या जागेइतकी चर्चा या किरकोळ खेळांवर क्वचितच होते.

मुलांच्या बाबतीत मात्र इंग्लंडच्या क्रिकेट मंडळाने संदिग्धता ठेविलेली नाही. फलंदाजाने चेंडू खेळेपर्यंत पंधरा वर्षांखालील कोणाही मुलाने मधल्या यष्टीपासून आठ यार्डांच्या आत उभे राहावयाचे नाही. तेरा वर्षांखालील मुलांसाठी हे अंतर अकरा यार्डांचे. केवळ यष्टींमागे ऑफच्या बाजूस उभे राहणारे यातून वगळले आहेत. मूल कितीही चपळ असो, त्याने स्वतः कितीही हट्ट धरो, पंच त्याला मागे सरकवितो. चारकोपच्या वसाहतीत रविवारी सकाळी क्रिकेटचे दोन-तीन सामने एकाच मैदानात एकमेकांत मिसळून चालतात, तेथे पंचाचे काम फलंदाजी करणाऱ्या पक्षाचाच एखादा मुलगा करतो, आणि फलंदाजाच्या पुढ्यात बहुधा तोच उभा असतो, ज्याची अजून फलंदाजीची पाळी आलेली नसते व ज्याच्या हाती अजून कोणी चेंडू दिलेला नसतो.