हरवलेल्या 'ड'ची कुळकथा

चांदबिबीच्या शेवटाच्या दोन हकिकती आहेत. सन 1600. नगरच्या भुईकोटाला मोगलांचा वेढा पडलेला आणि बिबीने शहजादा दानियालशी तहाचं बोलणं लावलेलं. एका हकिकतीत हमीदखान, तर दुसरीत तिचा खास सेवक जिताखान 'बिबी फितूर झाली' अशी आवई उठवतो आणि किल्ल्यातलेच शिपाई तिचा जीव घेतात. हा जिताखान ख्वाजासरा, म्हणजे खच्ची केलेला दरबारी सेवक, होता. इंग्रज इतिहासकार अशा माणसाला 'युनक' म्हणतात. पुढे 1871च्या गुन्हेगार जमाती कायद्यात वायव्य प्रांतातल्या हिजड्यांची नोंदवही उघडली, तीही याच शब्दाखाली. जनानखान्याचा मानकरी आणि बारशाला टाळी वाजवत दारात येणारे, दोघांना साहेबाने एकाच शब्दात कोंबलं. त्या शब्दाने मला या भानगडीत ओढलं.

'युनक' मूळचा ग्रीक, अर्थ शेजघराचा राखणदार. 'ख्वाजासरा' फारसी, म्हणजे वाड्याचा धनी. अजमेरच्या ख्वाजांच्या नावातला 'ख्वाजा' तो हाच. दोन्ही शब्द मुळात हुद्द्याचे. मराठीत 'ख्वाजा' आला तो 'खोजा' होऊन, आणि तोवर हुद्दा गळून नुसतं शरीर उरलं होतं.

खरा तंटा आहे 'हिजडा'चा. पुष्कळ ठिकाणी छातीठोकपणे सांगतात, की हा शब्द अरबी. ह-ज-र या धातूचा अर्थ सोडून जाणं. त्यावरूनच 622 साली पैगंबर मक्का सोडून मदिनेला गेले ती हिजरत. तेव्हा आपलं कूळ सोडून गेला तो हिजडा. व्युत्पत्ती ऐकायला गोड आहे, म्हणूनच मला तिचा संशय येतो.

माझं म्हणणं असं, की या व्युत्पत्तीला बळ दिलं ते इंग्रजी स्पेलिंगने. रोमन लिपीत 'ड'च्या त्या मऊ, जीभ उलटी फिरवून काढायच्या उच्चाराला अक्षरच नाही. साहेब तिथे सर्रास 'र' लिहायचा. बडोद्याचे गायकवाड त्याच्या कागदात 'गायक्वार' झाले, धारवाडचं 'धारवार' झालं, काठियावाडचं 'काठियावार'. त्याच न्यायाने हिजडा झाला 'हिज्रा'. इंग्रजी पानावर आता तो हिजरतीचा सख्खा भाऊ दिसू लागला. मराठी माणसाने दोन्ही शब्द मोठ्याने म्हणून पाहावेत. नातं तिथेच तुटतं.

मग हा 'ड' आला कुठून? तो आपल्या घरचा आहे. मुखडा, जिवडा यांत जो 'डा' शेपटासारखा लागतो, तोच इथे लागला. तो बाजूला केला की उरतो 'हीज'. फारसीत 'हीज़' ही बायकी, निर्लज्ज पुरुषाला हासडायची शिवी. उर्दूत आजही हा शब्द 'हीजडा' असा दीर्घ ई घालून लिहितात. हिजरतीत तो दीर्घ ई नाही. शब्दाचं डोकं फारसी आणि शेपूट देशी, हे मला तरी पटतं. 1490 साली मलिक अहमदने उभारलेल्या नगरच्या निजामशाहीसारख्या राज्यांत दरबार फारसी आणि गाव मराठी होतं. असे दुरंगी शब्द तिथे निपजले नसते तरच नवल. शिवीचा 'हीज' मूळच्या फारसीत खच्ची केलेल्या माणसासाठी नव्हता, ही अडचण विरोधक पुढे करतील. पण शिव्या कधी नेमक्या माणसालाच लागतात?

दुरंगीपणाला साहेबाने नाक मुरडायचं कारण नाही. त्याचा 'होमोसेक्शुअल' अर्धा ग्रीक, अर्धा लॅटिन. कर्टबेनी या लेखकाने तो 1868च्या एका जर्मन पत्रात घडवला आणि 1892 साली क्राफ्ट-एबिंग या मनोविकारतज्ज्ञाच्या ग्रंथाच्या भाषांतरातून तो इंग्रजीत आला. 'ट्रान्सजेंडर' तर 1965चा. 2014च्या नाल्सा (राष्ट्रीय विधी सेवा प्राधिकरण) खटल्याच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने तृतीय लिंगाला मान्यता दिली, आणि मराठी सरकारी कागदावर शब्द बसला 'तृतीयपंथी'.

यातल्या 'तृतीय'ला आधार कामसूत्रातल्या 'तृतीया प्रकृती'चा देता येईल. मला मोलाचा वाटतो तो 'पंथी'. मढीच्या कानिफनाथांच्या, म्हणजे चांदबिबीच्याच नगरच्या, नाथपंथी मुलखात पंथ म्हणजे काय ते कुणाला शिकवावं लागत नाही: गुरू, दीक्षा, चेला, गादी. हिजड्यांची घराणी अशीच चालतात. जन्माचं घर सुटतं, गुरूचं घर मिळतं. इंग्रजी संज्ञा माणसाला आतून काय वाटतं ते सांगते. 'पंथी' हा शब्द माणूस कुणाच्या पंगतीत बसतो ते सांगतो. कूळ सोडून गेलेला ही अरबी व्युत्पत्ती उच्चारात टिकत नाही, तरी ती लोकांच्या तोंडी का बसली हे यावरून कळतं. ती शब्दाला लागू नाही, जगण्याला लागू आहे.