स्वस्त म्हणजे हलकं नव्हे

परवा आईच्या डोळ्यात तिसरं इंजेक्शन झालं. म्हातारपणी पडद्यामागे गळक्या रक्तवाहिन्या वाढतात, मधली नजर जाते. हे औषध ती वाढ रोखतं. डॉक्टरांनी दोन पर्याय दिले, महाग आणि स्वस्त. आई म्हणाली, "स्वस्त म्हणजे हलकं का रे?" म्हणून हा इतिहास.

अवास्टिन २००४ साली अमेरिकेत आतड्याच्या कॅन्सरसाठी मंजूर झालं. त्याच जेनेन्टेक कंपनीचं डोळ्यासाठीचं ल्युसेंटिस तेव्हा चाचण्यांत होतं. २००५ मध्ये मायामीच्या डॉ. फिलिप रोझेनफेल्ड यांनी अवास्टिनचा थेंबभर डोस थेट डोळ्यात दिला. गुण आला. २००६ मध्ये ल्युसेंटिस बाजारात आलं: एका डोसला सुमारे २००० डॉलर. अवास्टिनला सुमारे ५०!

दोन्हींची तुलना कंपनीनं नाही, अमेरिकी सरकारच्या पैशानं झाली. २०११ चा निकाल: नजरेला फायदा सारखाच.

धोका आहे तो एका कुपीतून अनेक डोस काढताना होणाऱ्या जंतुसंसर्गाचा. २०१६ मध्ये गुजरातेत रुग्णांना त्रास झाला, आपल्याकडे डोळ्यासाठीचा वापर थांबवला गेला आणि काही आठवड्यांत पुन्हा सुरूही झाला.

तेव्हा मंडळी, किंमत विचाराच. पण डोस कुठे आणि कसा भरला, हे आधी विचारा. आम्ही तेच विचारलं आणि स्वस्तातलं घेतलं. आई आता पंचांग वाचते.